वाहनमुक्त सायकलवाटा : फ्रान्सचे कालवे आणि भिलाईचा मुरूम

छत्तीसगडमधील दर शंभर कुटुंबांपैकी जवळपास एकाहत्तर कुटुंबांच्या घरी सायकल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, हे प्रमाण ७०.८ टक्के असल्याचे आढळले. त्या वेळी देशाची सरासरी ५०.४ टक्के होती. पोलादनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिलाईत तर सायकल ही कामगारवस्तीची जुनी सोबती आहे. मात्र सायकलस्वाराला मोटारींपासून वेगळी आणि निर्धोक वाट मिळणे ही बाब देशाच्या इतर भागांप्रमाणे येथेही दुर्मिळ आहे.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात याच्या उलट स्थिती आढळते. बंद पडलेले लोहमार्ग, कालव्यांचे काठ आणि जुन्या शेतवाटा जोडून तेथे मोटारींना मज्जाव असलेल्या सायकलवाटांचे जाळे उभारण्यात आले आहे. यांपैकी अनेक वाटा डांबरी नाहीत. बारीक खडी व दगडाची भुकटी यांचे मिश्रण दाबून त्या तयार केल्या आहेत. महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्ये ज्याला मुरुमाचा रस्ता म्हणतात, त्याच्याशी त्यांचे जवळचे साम्य आहे. या वाटा कशा निर्माण झाल्या, त्या कशा टिकवल्या जातात आणि कालवे व मुरूम या दोहोंनी संपन्न असलेल्या भिलाई-दुर्ग परिसराच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय, याचा हा आढावा.

हिरवी वाट : कायद्यातील व्याख्या

वाहनमुक्त वाटेला फ्रान्समध्ये 'व्वा वेर्त', म्हणजे 'हिरवी वाट', असे म्हणतात. सप्टेंबर २००४ मध्ये काढलेल्या एका शासकीय आदेशाद्वारे या संज्ञेचा तेथील वाहतूक नियमावलीत समावेश करण्यात आला. बिगरमोटार वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखून ठेवलेला मार्ग, अशी तिची व्याख्या आहे. त्यामुळे हिरवी वाट ही केवळ सायकलस्वारांची मालमत्ता ठरत नाही. फिरायला निघालेले वृद्ध, चाकाच्या खुर्चीतून जाणारे अपंग आणि लहान मुले यांचाही तिच्यावर सारखाच हक्क असतो.

या व्याख्येचे महत्त्व व्यवहारात दिसून येते. कायद्याने दर्जा दिल्यानंतर वाटेच्या तोंडाशी फलक लावता येतो, मोटारसायकलस्वाराला दंड करता येतो आणि देखभालीची जबाबदारी कोणाची हे ठरवता येते. त्यापूर्वी १९९८ मध्ये फ्रेंच सरकारने सायकलमार्ग व हिरव्या वाटा यांचा पहिला राष्ट्रीय आराखडा स्वीकारला होता. वेगवेगळ्या जिल्ह्यांनी आपापल्या हद्दीत केलेली कामे परस्परांना जोडली जावीत, हा त्यामागील हेतू होता.

रूळ उखडले, भराव राहिला

या वाटांचा एक मोठा स्रोत म्हणजे बंद पडलेले लोहमार्ग. फ्रान्सचे तत्कालीन सार्वजनिक बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी १८७९ मध्ये लहान शहरांना रेल्वेने जोडण्याची महत्त्वाकांक्षी योजना आखली. पुढील काही दशकांत खेड्यापाड्यांतून लोहमार्ग गेले. मोटारी व बसगाड्या वाढल्यानंतर मात्र त्यांतील अनेक मार्ग तोट्यात गेले व विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने बंद झाले. रूळ उखडले गेले तरी मातीचे भराव, पूल, बोगदे आणि स्थानकांच्या इमारती जागेवर राहिल्या.

रेल्वेचा भराव सायकलसाठी सोयीचा असतो. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नसल्याने लोहमार्गाचा उतार अगदी सौम्य ठेवलेला असतो आणि वळणेही मोठी असतात. डोंगराळ भागातही अशा वाटेवरून लहान मूल किंवा वयस्कर व्यक्ती दमछाक न होता सायकल चालवू शकते.

बरगंडी प्रांतातील सोन-ए-ल्वार जिल्ह्यात जिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट १९९७ मध्ये खुली झाली. फ्रान्समधील पहिली हिरवी वाट म्हणून ती ओळखली जाते. ही वाट डांबरी आहे. पुढे ती दक्षिणेस माकाँ शहराच्या दिशेने वाढवण्यात आली. या भागात ब्वा क्लेर नावाचा सुमारे १,६०० मीटर लांबीचा जुना रेल्वे बोगदा आहे. हिवाळ्यात वटवाघळांच्या निद्रेत व्यत्यय येऊ नये म्हणून तो सायकलस्वारांसाठी बंद ठेवला जातो.

घोड्यांच्या वाटेवर सायकली

दुसरा स्रोत कालव्यांचा. इंजिने येण्यापूर्वी मालवाहू नावा घोडे, खेचरे किंवा माणसे काठावरून दोराने ओढत असत. त्यासाठी कालव्याच्या काठाने सपाट वाट राखलेली असे. इंजिनाच्या नावा आल्यावर ही ओढवाट निरुपयोगी झाली. तरीही कालव्याच्या देखरेखीसाठी ती टिकवून ठेवणे भाग होते. याच वाटांचे पुढे सायकलमार्ग झाले.

तुलूझ शहराला भूमध्य समुद्राशी जोडणारा कानाल द्यू मिदी हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कालवा आहे. प्येर-पोल रिके यांच्या पुढाकाराने १६६६ ते १६८१ या काळात तो खोदला गेला. त्याची लांबी सुमारे २४० किलोमीटर असून १९९६ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. तुलूझच्या बाजूचे सुमारे ५० किलोमीटर डांबरीकरण झालेले आहे. पुढे ओड जिल्ह्यात वाटेचे स्वरूप बदलते. माती, खडी आणि झाडांची वर आलेली मुळे यांमुळे तेथील अनेक टप्पे दीर्घकाळ खडतर राहिले. या कालव्यावर सावली धरणाऱ्या सुमारे ४२ हजार चिनार वृक्षांना २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने ग्रासले असून हजारो झाडे तोडून त्यांच्या जागी नवी लावावी लागली आहेत.

ब्रिटनी प्रांतातील नाँत ते ब्रेस्त हा ३६४ किलोमीटरचा कालवा मुरूमवाटेचे अधिक चांगले उदाहरण ठरतो. इंग्रज आरमाराच्या नाकेबंदीतून मार्ग काढण्यासाठी नेपोलियनच्या काळात त्याचे काम हाती घेण्यात आले. आज त्याच्या काठाची वाट बहुतांशी दाबलेल्या खडीची आहे. दर काही किलोमीटरवर नावांना वर-खाली नेणारी दारे आणि दारवानाचे जुने घर लागते. त्यांपैकी काही घरांत आज उपाहारगृहे व मुक्कामाच्या खोल्या आहेत.

भिलाईसारख्या औद्योगिक नगराच्या दृष्टीने कानाल द्यू साँत्र या कालव्याचा उल्लेख करणे उचित ठरेल. ल्वार आणि सोन या नद्यांना जोडणारा हा ११२ किलोमीटरचा कालवा अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला. मोंसो-ले-मिन येथील कोळसाखाणी आणि ल क्रुझो येथील श्नायडर यांचे लोखंड-पोलाद कारखाने याच पट्ट्यात वाढले. खाणी बंद झाल्या, पोलाद उद्योगाचे स्वरूप बदलले. कालव्याचा काठ मात्र अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या आंतरराष्ट्रीय सायकलमार्गाचा भाग बनला. कोळशाच्या नावा जेथून जात, तेथून आता सायकलप्रवासी जातात.

खडीची वाट कशी बांधतात

हिरव्या वाटेच्या पृष्ठभागासाठी फ्रान्समध्ये वापरल्या जाणाऱ्या मिश्रणाला 'स्ताबिलिझे' म्हणतात. निरनिराळ्या जाडीची बारीक खडी, वाळू आणि दगडाची भुकटी त्यात असते. ओलावा देऊन रोलरने दबाई केल्यावर भुकटी खडीच्या फटींत बसते आणि पृष्ठभाग घट्ट होतो. गरजेनुसार थोडा चुना किंवा सिमेंटही मिसळले जाते. खाली मोठ्या खडीचा थर आणि त्यावर हे मिश्रण अशी सर्वसाधारण रचना असते. वाटेची रुंदी सामान्यतः अडीच ते तीन मीटर ठेवतात.

या कामात पाणी हा मुख्य शत्रू मानला जातो. वाटेला एका किंवा दोन्ही बाजूंना हलका उतार दिला नाही, तर पावसाचे पाणी साचते, भुकटी वाहून जाते आणि खड्डे पडतात. म्हणूनच काठाने चर, सखल जागी मोरी आणि वर्षातून ठरावीक वेळा डागडुजी आवश्यक ठरते. खडीची वाट बांधण्यास डांबरी वाटेपेक्षा स्वस्त पडते. देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी करावा लागतो.

पृष्ठभाग कोणता असावा, याविषयी फ्रान्समध्येही एकमत नाही. रोज कामावर किंवा शाळेत जाणाऱ्यांना डांबरी वाट सोयीची वाटते, कारण पावसाळ्यात ती चिखलाने माखत नाही. घोडेस्वार, पादचारी आणि निसर्गप्रेमी खडीला पसंती देतात. खडीची वाट कमी तापते, पावसाचे काही पाणी जमिनीत मुरू देते आणि तिच्यावर मोटारीला वेग घेता येत नाही.

वाटेच्या तोंडाशी केलेली अटकाव व्यवस्था हा तिचा तितकाच महत्त्वाचा भाग असतो. मध्यभागी खांब, आलटूनपालटून लावलेले आडवे दांडे किंवा कुलूपबंद फाटक अशी तिची निरनिराळी रूपे आहेत. कालवा विभागाची गाडी, रुग्णवाहिका आणि लगतच्या शेतमालकाचा ट्रॅक्टर यांना परवानगीने आत सोडले जाते. शेतकऱ्याची अडवणूक झाली तर वाट टिकत नाही, हे ध्यानात घेऊनच ही सवलत दिलेली असते.

'ग्रॅव्हल' सायकल आणि साधी सायकल

खडीच्या वाटांवर सायकल चालवणे हा आता स्वतंत्र क्रीडाप्रकार झाला आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर मोठी शर्यत भरते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने २०२२ मध्ये इटलीत या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. यासाठी बनवलेल्या सायकलींना 'ग्रॅव्हल' सायकल म्हणतात. शर्यतीच्या सायकलप्रमाणे वाकडे हॅण्डल, पण जाड टायर, ही त्यांची ओळख आहे. टायरची रुंदी साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर असते.

भारतातील साध्या, काळ्या, उंच सायकलीचा टायर २८ इंची असून त्याची रुंदी दीड इंच, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर असते. टायरच्या रुंदीपुरते पाहिले तर भिलाईच्या कामगाराची, दूधवाल्याची किंवा भाजीविक्रेत्याची सायकल खडीच्या वाटेसाठी अगदी योग्य आहे. ही सायकल ज्या काळात घडली, त्या काळी बहुतेक रस्ते खडीचेच होते, हे त्यामागील कारण आहे. वजन जास्त आणि गिअर नसणे या तिच्या मर्यादा आहेत. परंतु कालव्याच्या सपाट काठावर त्या फारशा जाणवत नाहीत. त्यामुळे अशा वाटेसाठी महागडी सायकल घेण्याची गरज उरत नाही.

भिलाई : पोलाद, पाळ्या आणि महामार्ग

भिलाई पोलाद कारखान्याच्या उभारणीसाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा प्रमुख कारखाना म्हणून तो ओळखला जातो. कारखान्याबरोबरच 'सेक्टर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहती वसल्या. देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे तेथे स्थायिक झाली. नागपूर जवळ असल्याने आणि हा प्रदेश १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत असल्याने मराठी भाषकांचा या भागाशी जुना संबंध आहे.

सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा या पाळी बदलण्याच्या वेळा भिलाईच्या दिनक्रमाचा भाग आहेत. मेन गेट, बोरिया गेट, खुर्सीपार गेट येथून कामगारांचे लोंढे बाहेर पडतात. एके काळी त्यांत सायकलींचे प्राबल्य होते. कायम कामगारांकडे मोटारसायकली व मोटारी आल्यानंतर हे चित्र बदलले. कंत्राटी मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले आणि विद्यार्थी यांच्यासाठी मात्र सायकल हेच आजही परवडणारे वाहन आहे.

दुर्ग-भिलाई नागरी समूहाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेदहा लाखांहून अधिक होती. जीई रोड या नावाने ओळखला जाणारा, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ व आताचा ५३, याच वस्तीतून रायपूरकडे जातो. मालमोटारी, बसगाड्या, मोटारसायकली आणि सायकली यांना तो एकत्र वापरावा लागतो. देशभरात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत ४,८३६ सायकलस्वारांचा मृत्यू झाल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे.

तांदुला कालव्याचा काठ

पोलाद कारखान्याला पाण्याची गरज मोठी असते. भिलाईला हे पाणी प्रामुख्याने बालोद जिल्ह्यातील तांदुला जलाशयातून कालव्याने मिळत आले आहे. ब्रिटिश राजवटीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, तांदुला प्रकल्प सिंचनासाठी उभारण्यात आला. कारखाना आल्यानंतर गोंदली आणि खरखरा या जलाशयांची जोड त्याला मिळाली. पुढे महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणीही भिलाईपर्यंत आणण्यात आले. कारखान्याजवळ मरोदा येथील जलाशयांत ते साठवले जाते.

अशा प्रत्येक मोठ्या कालव्याच्या काठाने पाटबंधारे खात्याची निरीक्षणवाट असते. भगदाडे, गळती व दारे यांची पाहणी करण्यासाठी अधिकाऱ्यांना तेथून जावे लागते. फ्रान्समधील ओढवाटेप्रमाणेच हीही सपाट, पाण्याकाठची आणि चौकांपासून दूर असलेली वाट असते. दोन्हींचा उगम निराळा आहे. तेथे नावा ओढण्यासाठी वाट आली, तर येथे पाण्याची राखण करण्यासाठी. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र गुण सारखेच आहेत.

साहित्याचीही या भागात वाण नाही. छत्तीसगडचे शेतकरी जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा असे प्रकार मानतात. यांपैकी कन्हार ही काळी चिकण जमीन असून पावसात तिच्यावरून सायकल ढकलणेही कठीण होते. भाटा ही लालसर, खडेमिश्रित, मुरमाड जमीन आहे. गावरस्त्यांवर मुरूम टाकण्याची प्रथा येथे जुनी आहे. तथापि, मुरूम खणण्यासाठी परवाना लागतो. उघड्या राहिलेल्या खाणी पावसाळ्यात पाण्याने भरून धोकादायक बनतात, ही बाबही दुर्लक्षिता येत नाही.

पोलाद कारखान्यातून निघणारी मळी हा खडीचा आणखी एक स्रोत ठरू शकतो. झोतभट्टीची मळी सिमेंट उद्योगाकडे जाते. पोलाद बनवताना निघणाऱ्या मळीत मोकळा चुना राहिलेला असतो आणि पाणी लागल्यावर ती फुगते. म्हणून काही काळ उघड्यावर मुरवल्यानंतरच ती रस्त्यासाठी वापरावी लागते. गुजरातमधील हजिरा येथे २०२२ मध्ये पोलादाच्या मळीपासून सहापदरी रस्त्याचा एक किलोमीटरचा भाग तयार करण्यात आला. पाण्याच्या कालव्यालगत असे साहित्य वापरायचे झाल्यास त्यातील द्रव्ये पाण्यात उतरत नाहीत ना, याची आधी तपासणी आवश्यक ठरेल.

जुन्या लोहमार्गांचे काय झाले

बंद लोहमार्गांचा मार्ग भारतात फारसा उपलब्ध नाही, कारण जुने मार्ग सहसा सोडून दिले जात नाहीत. नागपूर ते राजनांदगाव हा मीटरगेज लोहमार्ग १८८० च्या दशकात पूर्ण झाला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर केले आणि आज तोच मुंबई-हावडा मुख्य मार्गाचा भाग आहे. नागपूर-नागभीड हा नॅरोगेज मार्गही २०१९ मध्ये ब्रॉडगेज रूपांतरासाठी बंद करण्यात आला. विदर्भातील यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या 'शकुंतला' मार्गावरील गाड्या थांबल्यानंतर तेथील जनतेची मागणी रेल्वे पुन्हा सुरू करण्याची आहे.

भिलाईच्या सर्वांत जवळचे उदाहरण रायपूरचे आहे. रायपूर-धमतरी या नॅरोगेज मार्गाचा शहरातील भाग बंद झाल्यावर त्या पट्ट्यावर मोटारींसाठी द्रुतगती मार्ग बांधण्यात आला. शहराच्या मध्यातून जाणारी, सौम्य उताराची आणि सरकारी मालकीची पट्टी मोकळी होण्याची घटना क्वचित घडते. फ्रान्समध्ये अशा पट्टीवर हिरवी वाट होण्याची शक्यता असते. रायपुरात वाहतूक कोंडीचा विचार वरचढ ठरला.

डांबर आले की मोटारी येतात

कालव्याच्या काठावर रस्ता करण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत. उत्तर प्रदेशात वरच्या गंगा कालव्याच्या काठाची वाट कांवड यात्रेकरूंसाठी रस्ता म्हणून विकसित करण्यात आली. कालांतराने ती मोटारींच्या नेहमीच्या वापरात आली. पुढे मुरादनगर ते पुरकाजी या सुमारे १११ किलोमीटरच्या टप्प्यात नवा कांवड मार्ग बांधण्यासाठी ३३ हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रश्न २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आला. काठावरची वाट रुंद व गुळगुळीत झाली की ती शांत राहत नाही, असा या अनुभवाचा अर्थ निघतो.

खास सायकलींसाठीही काही योजना झाल्या. उत्तर प्रदेशात इटावा ते आग्रा हा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग नोव्हेंबर २०१६ मध्ये खुला करण्यात आला. नंतरच्या काळात त्याच्या काही भागांच्या दुरवस्थेविषयी बातम्या आल्या. मुंबई महानगरपालिकेने तानसा जलवाहिनीलगतची अतिक्रमणे हटवून तेथे मुलुंडपासून ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग आखला. जलवाहिनीचे संरक्षण आणि नागरिकांसाठी मोकळी वाट असा दुहेरी हेतू त्यामागे होता. पाण्याच्या यंत्रणेची राखण आणि सायकलवाट ही दोन्ही कामे एकाच पट्टीवर होऊ शकतात, हा विचार त्यामुळे भारतीय प्रशासनालाही अपरिचित नाही.

अडचणी कोणत्या

भिलाई परिसरातील कालव्याच्या काठाकडे पाहताना काही अडचणी स्पष्ट दिसतात. पहिली कायद्याची. कालव्याचा काठ हा सार्वजनिक रस्ता नसतो. उत्तर भारतातील कालव्यांसाठी १८७३ मध्ये झालेल्या कायद्यात, मनाई केल्यानंतरही काठावरून वाहने वा जनावरे नेणे हा गुन्हा ठरवला आहे. मध्य प्रांतासाठी १९३१ मध्ये स्वतंत्र पाटबंधारे कायदा झाला. या कायद्यांचा हेतू कालवा फुटू नये हा होता आणि तो आजही रास्त आहे. सायकल आणि पादचारी यांच्या वजनाने काठाला धोका पोहोचत नाही. वाळू वा मुरूम भरलेल्या गाड्यांनी तो पोहोचतो. असा भेद करणारी 'हिरव्या वाटे'सारखी वर्गवारी आपल्याकडे प्रचलित नाही.

दुसरी अडचण सुरक्षिततेची आहे. खरिपात कालवा दुथडी भरून वाहतो. उन्हाळ्यातही गावतळी भरण्यासाठी, म्हणजेच छत्तीसगडच्या भाषेत निस्तारीसाठी, पाणी सोडले जाते. काठाला कठडा नसतो आणि कालव्याच्या उभ्या, निसरड्या बाजूंवरून बाहेर पडणे पोहणाऱ्यालाही अवघड जाते. दिवे नसलेल्या निर्जन वाटेवरून पहाटे वा रात्री एकटीने जाणे स्त्रियांना सुरक्षित वाटणार नाही. कामाच्या पाळ्या नेमक्या याच वेळी बदलतात.

तिसरी अडचण हवामानाची. जून ते सप्टेंबर या काळात जोरदार पाऊस होतो, तर मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. पाण्याचा निचरा व सावलीची झाडे यांशिवाय मुरुमाची वाट वर्षभर वापरात राहू शकत नाही. झाडेही काठापासून योग्य अंतरावर लावावी लागतात; अन्यथा मुळांमुळे भराव सैल होतो.

चौथी बाब शेतकऱ्यांची. धानाची रोपे, खत आणि पीक नेण्यासाठी बैलगाड्या व ट्रॅक्टर काठाने जातात. त्यांना अडवून केलेली कोणतीही योजना गावांना मान्य होणार नाही.

लाभ कोणाला

फ्रान्समध्ये हिरव्या वाटांचे समर्थन मुख्यतः पर्यटनाच्या आधारे केले जाते. ल्वार नदीकाठचा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग हे त्याचे ठळक उदाहरण आहे. लहान गावांतील खानावळी, विश्रामगृहे व दुरुस्तीची दुकाने त्यावर चालतात. भिलाईत पर्यटनाचा वाटा मर्यादित राहील. येथे मुख्य लाभधारक रोजचे सायकलस्वार असतील.

शाळकरी मुलींचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. छत्तीसगड शासनाची सरस्वती सायकल योजना नववीतील अनुसूचित जाती-जमाती व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना मोफत सायकल देते. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केला. मुलींच्या माध्यमिक शाळेतील वयानुरूप प्रवेशात ३२ टक्के वाढ झाली आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. शाळा तीन किंवा अधिक किलोमीटर दूर असलेल्या गावांत हा परिणाम प्रामुख्याने दिसला. सायकल दिल्याने अंतर कमी झाले. त्या अंतरातला रस्ता निर्धोक करणे हा पुढचा टप्पा ठरतो.

फ्रान्सच्या अनुभवातून दोन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. वाटेसाठी लागणारी जमीन तेथे नव्याने संपादित करावी लागली नाही. जुन्या लोहमार्गांच्या व कालव्यांच्या रूपाने ती आधीच सार्वजनिक मालकीची होती. वाटेचा दर्जा, तिच्यावरील हक्क आणि देखभालीची जबाबदारी मात्र कागदावर निश्चित करावी लागली. तांदुला कालव्याच्या परिसरात सायकली आहेत, मुरूम आहे आणि सरकारी मालकीचा काठही आहे. पाटबंधारे विभाग, पोलाद कारखाना, नगरपालिका आणि काठावरच्या ग्रामपंचायती यांनी एकत्र येऊन एखाद्या लहान टप्प्यापुरता जरी वापराचा नियम आखला, फाटक बसवले आणि पावसाळ्यानंतरच्या डागडुजीची तरतूद केली, तर मोठ्या बांधकामावाचून त्याचा अनुभव घेता येईल. त्या टप्प्यावर एखादी शाळा आणि कारखान्याचे एखादे प्रवेशद्वार जोडले गेले, तर रोजच्या सायकलस्वाराला महामार्ग टाळण्याचा पर्याय मिळू शकेल.